स्प्लिट स्क्रीन जमते, कीबोर्ड आला की बिघडते

अँड्रॉइड फोनवर स्प्लिट स्क्रीन, म्हणजे एकाच स्क्रीनवर दोन ॲप्स, सुरू करणं अवघड नाही. दोन्ही ॲप्स एकदा उघडून ठेवा, अलीकडची ॲप्स दिसतात तिथे या, पहिल्या ॲपच्या कार्डावरच्या आयकॉनवर टॅप करून ‘स्प्लिट स्क्रीन’ निवडा आणि मग दुसरं ॲप. काही फोनवर हाच पर्याय तीन टिंबांमागे असतो. चौकोनी बटण दाबून धरायचा सल्ला अजूनही फिरतो, पण ती अँड्रॉइड 7 आणि 8 ची रीत. आयफोनवर ही सोयच नाही, शोधत बसू नका.

खरी कटकट टाइप करायला लागल्यावर सुरू होते. समजा, सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी व्हॉट्सॲपवर आली आहे आणि ती गूगल शीट्समध्ये भरायची आहे. शीट वर ठेवली तर कीबोर्ड खालच्या यादीवरच येऊन बसतो. आकडा बघायला दर वेळी तो खाली करा, परत वर आणा. म्हणून वाचायचं ते वर, लिहायचं ते खाली. उलट मांडणी करूच नका.

आता दोन विंडोंच्या मधली पट्टी. ‘लिहायची विंडो मोठी करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. खालच्या विंडोत टाइप करताना हल्लीच्या बऱ्याच फोनवर दोन्ही विंडो मिळून वर सरकतात. वरच्या विंडोचा माथा स्क्रीनबाहेर जातो आणि पट्टीलगतचा भागच काय तो दिसत राहतो. वरची विंडो मुळात लहान असेल तर दोन ओळींची चिंधी उरते. म्हणून पट्टी खाली ओढा: वर साधारण दोन तृतीयांश, खाली एक. शीटमधला एक रकाना भरायला तेवढी जागा पुरते. आणि जी ओळ उतरवायची आहे ती पट्टीच्या अगदी वर येईल अशी यादी सरकवून घ्या. टाइप करताना तीच दिसणार आहे.

एवढ्यानेही भागलं नाही तर जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) चार चौकोनांच्या मेनूतून ‘फ्लोटिंग’ निवडा. कीबोर्ड लहान होऊन सुटा होतो, विंडो जागच्या हलत नाहीत. पुन्हा बसवायचा तर खालच्या कडेपर्यंत ओढा. फोन आडवा करून टाइप करायच्या फंदात मात्र पडू नका. उंची आधीच कमी, त्यात कीबोर्ड आला की दोन्हीकडे जेमतेम पट्ट्या उरतात.

एखादं ॲप स्प्लिटला नकार देतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंग्जमधल्या एरवी लपलेल्या विभागात) ‘फोर्स ॲक्टिव्हिटीज टू बी रिसायझेबल’ चालू करून फोन रीस्टार्ट केला की बरीच ॲप्स वठणीवर येतात, पण काहींची बटणं कापली जातात. शिवाय डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की काही बँकांची ॲप्स उघडतच नाहीत. काम झालं की ते बंद करा.

एकाच वेळी दोन व्हिडिओ लावले तर सहसा एक थांबतो, कारण आवाजाचा ताबा दुसरा घेतो. फोन बिघडलेला नाही.

तीच जोडी रोज लागत असेल तर सॅमसंगवर पट्टीवरच्या टिंबांना टॅप करून ॲप पेअर सेव्ह करा. पिक्सेलवर अँड्रॉइड 15 मध्ये हीच सोय अलीकडच्या ॲप्सच्या पानावर, आयकॉनच्या मेनूत आहे. बंद करायला पट्टी थेट कडेपर्यंत ओढा. ज्या बाजूला ओढाल तिकडचं ॲप जातं.