सुंतेनंतरचे दोन महिने: कातडी, टाके आणि स्पर्श

४२ व्या वर्षी माझी सुंता झाली. कारण धर्म नव्हे, साखर. मधुमेहात पुढच्या कातडीला सारखा बुरशीचा संसर्ग होतो, बारीक चिरा पडतात आणि त्या भरता भरता कातडी आवळत जाते. माझी तर मागेच सरकेना. तुमचंही कारण तेच असेल, तर आधी साखर ताब्यात आणा. नाहीतर जखम रेंगाळते.

ड्रेसिंग कधी काढायचं ते डॉक्टर सांगतील. ते चिकटलेलं असतं, ओढू नका, कोमट पाण्याने भिजवून सोडवा. खाली दिसेल ते जांभळं, सुजलेलं, बेढब. मी तर हादरलोच. टोकावर पिवळसर पातळ थर आला तेव्हा पू झाला असं वाटलं. तो भरणाऱ्या जखमेचा थर निघाला. घाण वास, पसरत जाणारी लाली, ताप आला तर मात्र लगेच दाखवा. दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबेना किंवा लघवीच होईना, तर थेट दवाखाना गाठा. सुरुवातीला धार वाकडीतिकडी उडते, म्हणून बसूनच करा.

माझी एक चूक. सैल कपडे बरे म्हणून तसंच लोंबतं ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत सूज दुप्पट. घट्टसर चड्डीत टोक बेंबीकडे वर करून ठेवलं, तेव्हा उतरली.

रात्रीचा ताठरपणा टळत नाही. झोपताना लघवी करून घ्या. कळ आली की उठून चार पावलं चाला. टाके बहुतेक वेळा तग धरतात. ते दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळतात.

आता स्पर्शाचं. पहिले पंधरा दिवस उघड्या टोकाला नुसतं कापड घासलं तरी अंगावर शहारा यायचा. पेट्रोलियम जेली लावून वर मऊ गॉज ठेवलं की चालता यायचं. महिन्याभरात तो टोचरेपणा गेला, आणि मला उलटीच धास्ती: आता काहीच कळणार नाही का? या काळात निकाल लावू नका. केनिया आणि युगांडात हजारो पुरुषांवर झालेल्या चाचण्यांत लैंगिक समाधान घटल्याचं आढळलं नाही. काही देशांतल्या सर्वेक्षणांत मात्र संवेदना कमी झाल्याचं सांगणारेही भेटले. माझ्यापुरतं म्हणाल तर कमी नाही, वेगळं. टोकाचा ओलसरपणा गेला, सरकणारी कातडी गेली, त्यामुळे वंगण लागतं. खालच्या बाजूची जागा अजून तितकीच जागी आहे.

संभोग आणि हस्तमैथुन सहा आठवडे बंद, बरं वाटत असलं तरी. बायकोला हे आधीच सांगून ठेवलं होतं. सातव्या आठवड्यात तिनेच विचारलं, "दुखतंय का?" थोडं ओढल्यासारखं होत होतं. टाक्यांच्या रेषेवरची कडक कड चौथ्या महिन्यापर्यंत बोटाला लागायची, मग मऊ पडली.