एक्स-रे वाचायला शिकताना या चुका टाळा

दर वर्षी नवी बॅच येते, आणि जुनी बॅच जाताना आपल्या चुका तिच्या हवाली करून गेली असावी असं वाटतं. सिंधुदुर्गात रेडिऑलॉजी शिकवताना ज्या चुकांनी मला वीट आणलाय, त्या इथे लिहितो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे एक गोष्ट सापडली की थांबणं. हिला 'सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च' म्हणतात, हे तोंडी परीक्षेत सगळे घडाघडा सांगतात.

मी इंटर्न असतानाची गोष्ट. मे महिना, आंबे काढताना कलमावरून पडलेला एक गडी कॅज्युअल्टीत आला. आडवं झोपवूनच छातीचा एक्स-रे काढला. दोन बरगड्या मोडलेल्या मला लगेच दिसल्या, आणि काय तो आनंद! केसपेपरवर लिहिलं, पेनकिलर दिली, चहाला गेलो. गडीही म्हणाला होता, "काय नाय ओ डाक्टर, जरासा दुखता." रात्री दोनला त्याला धाप लागली. सरांनी तीच फिल्म पुन्हा लावली आणि काही न बोलता खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. त्या बाजूचा कॉस्टोफ्रेनिक कोन (बरगड्या आणि डायफ्राम, म्हणजे श्वासाचा पडदा, मिळतात तो) दुसऱ्यापेक्षा खोल आणि काळा होता. न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा. माणूस उभा असेल तर ही हवा वर फुफ्फुसाच्या शिखराशी जमते, झोपलेला असेल तर पुढे आणि खाली. छातीत नळी घातली, माणूस वाचला. सर मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून जे सापडलं त्यावर अंगठा ठेवून ते झाकतो आणि उरलेली फिल्म पाहतो. शिखरं, हृदयाच्या मागची जागा, डायफ्रामच्या खाली, शेवटी खांद्याची हाडं. तुमचा क्रम वेगळा असेल तर असू दे, पण रोज तोच ठेवा. "सर, काहीतरी शॉर्टकट सांगा ना," म्हणणाऱ्याला मी दहा नॉर्मल फिल्म देतो. नॉर्मल पाहायचा कंटाळा येतो त्याला अॅबनॉर्मल कुठून दिसणार?

हृदय मोठं आहे असं म्हणण्याआधी फिल्म पीए (किरण पाठीकडून) की एपी (किरण पुढून) ते बघा. पावसात वीज गेली की कंदिलापुढे हात धरून बघा. हात कंदिलाजवळ आणि भिंतीपासून लांब, तेवढी सावली मोठी. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं, म्हणून किरण पुढून आले की तेही फुगतं. वॉर्डात पोर्टेबल मशीनवर काढलेली फिल्म बहुधा एपीच. त्यावर मोजपट्टी लावून कार्डिओमेगाली (हृदय मोठं) लिहू नका.

आधी रिपोर्ट वाचून मग फिल्म पाहणाऱ्यांशी मी बोलत नाही.

खिडकीला फिल्म लावून मोबाइलवर फोटो पाठवताना बाजूचा मार्कर कापू नका. फिल्म उलटी लागली असेल तर डावं-उजवं मी काय स्वप्नात ओळखू?

'सीटीच करून टाकू' हा आळस आहे. छातीच्या एका सीटीत साधारण साठ एक्स-रेंइतकं रेडिएशन जातं.

एक चूक आम्हा शिक्षकांची. रेडिऑलॉजी शेवटी पंधरा दिवसांत उरकायची गोष्ट नाही. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात विषय एकमेकांना जोडून शिकवा असं म्हटलंय. कागदावर. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना बरगडी हातात देतो तेव्हाच शेजारी फिल्म लावतो. दुसऱ्या वर्षी न्यूमोनिया शिकताना तीच मुलं पुन्हा येतात, आणि इंटर्नशिपमध्ये रात्री फोन करतात.

आणि काटा. आपल्याकडे घशात माशाचा काटा अडकलेला पेशंट नेहमीचाच. मानेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेत उभी पांढरी रेघ दिसली की पोरं ओरडतात, "सर, काटा!" बहुतेकदा ती स्वरयंत्रातल्या क्रिकॉइड कूर्चेची मागची कड असते. वयाबरोबर कूर्चा हाडासारखी कडक होते आणि हुबेहूब काट्यासारखी दिसते. उलट खरा बारीक काटा पुष्कळदा फिल्मवर उमटतच नाही. मी आधी मणक्यांपुढची मऊ सावली सुजली आहे का बघतो. फिल्म साफ आणि गिळताना टोचतंय, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीला पाठवतो. त्याआधी एक प्रश्न मात्र पेशंटलाच: मासा कुठला होता, आणि वरून भाताचे किती गोळे गिळलात?