वहीचं शेवटचं पान

बारावीपर्यंत मी दोन दिवस शाळेत दिसले नाही की तिसऱ्या दिवशी बाजारात कोणीतरी शिक्षक बाबांना गाठायचेच, "काय हो, पोर आजारी आहे का?" पणजीच्या कॉलेजात आले आणि ही विचारपूस संपली. पहिला महिनाभर मला त्याचा आनंदच झाला.

घर सत्तरी तालुक्यात, केरीला. पहाटे उठून बस, साखळीला दुसरी, पणजीला तिसरी. जूनच्या पावसात छत्री असूनही भिजलेली सलवार दुसऱ्या लेक्चरपर्यंत अंगावरच वाळायची. साडेआठचं पहिलं लेक्चर आठवड्यातून एकदा तरी हुकायचं. वाटायचं, एकच तर आहे. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. सुट्टी संपली तरी वाड्यावर आरत्या आणि भजनं चालूच होती, म्हणून आणखी चार दिवस राहिले. ऑक्टोबरात कमी हजेरीवाल्यांची यादी लागली. माझं नाव वरून तिसरं.

तेव्हा बसून हिशोब केला, जो खरं तर जूनमध्येच करायला हवा होता. गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत ७५ टक्के हजेरी लागते. चार क्रेडिटच्या विषयाचे साधारण ६० तास होतात, म्हणजे १५ बुडाले तर निभावतं. पण या १५ म्हणजे हक्काच्या सुट्ट्या नव्हेत. ताप, न आलेली बस, मामेबहिणीचं लग्न, सगळं त्यातच बसवायचं. शिवाय बाकीच्या विषयांना मी नेमाने बसत होते, त्याचा साडेआठच्या विषयाला काडीचा उपयोग झाला नाही. तेव्हापासून प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर बुडालेल्या तासांच्या रेघा मारते. दहावी रेघ पडली की पावसाचं निमित्त बंद.

आयएसएचंही तसंच. सहामाही-वार्षिक परीक्षेची सवय असलेल्याला सेमिस्टर सुरू असताना होणारी ही छोटी चाचणी किरकोळ वाटते, पण तिचे गुण शेवटच्या निकालात धरतात. माझी एक अशीच गेली. तारीख वर्गात सांगितली त्या दिवशी मी बसमध्ये होते. रात्री गूगल क्लासरूमवर सूचना टाकली होती, पण आमच्याकडे वीज नव्हती आणि मोबाइल मेलेला.

मधल्या रिकाम्या वेळाचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. मी सुरुवातीला कॅन्टीनमध्ये पातळ भाजी आणि पाव खात बसायचे, नाहीतर स्टँडवर. मग पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय सापडलं, कदंब स्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ. १८३२ सालची संस्था आणि आमच्या गावातून आलेल्या कितीजणांना ती इमारत फक्त बसच्या खिडकीतूनच माहीत! संध्याकाळची बस येईपर्यंतचा तास तिथे बसले तर घरी जाऊन पुस्तक उघडावं लागत नाही. दोन बसमध्ये उभं राहून आल्यावर तसंही ते उघडत नाही.

२०२३-२४ पासून पदवी चार वर्षांची झाली आहे, तीन वर्षांनी बाहेर पडता येतं. मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय, मैत्रीण घेते म्हणून घेऊ नका, एवढंच सांगते. मी घेतला होता.

भाषेची धास्ती मात्र फुकट होती. चौथीपर्यंत मराठी, पुढे इंग्रजी, तरी सरांचं इंग्रजी पहिले पंधरा दिवस डोक्यावरून जायचं. तास संपल्यावर मराठीतून विचारलं तर ते कोंकणीतून समजावायचे, आणि ते मात्र चटकन कळायचं. बाकावर शेजारी साष्टी तालुक्यातली एक मुलगी होती. तिची कोंकणी मला अर्धीच कळे आणि मेसेज तर रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत. पण ती मडगावहून माझ्याआधी पोचायची, म्हणून सूचना कळवायचं काम तिच्याकडे आणि नोट्स नीट लिहायचं माझ्याकडे. आता तिचे मेसेज मी न अडखळता वाचते. माझं देवनागरी वाचायचा तिला अजून कंटाळा, म्हणून मी व्हॉइस नोट पाठवते, मागे साखळीच्या कंडक्टरच्या आरोळीसकट.