ताटाबाहेरची 1320 छायाचित्रे: आहारनोंदीसाठी अंगावर कॅमेरा देण्यापूर्वी

काल दिवसभरात काय खाल्ले हे विचारून वाटी-चमच्याच्या मापाने लिहून घेण्याची पद्धत आहारसर्वेक्षणात रुळलेली आहे. तिची अडचण अशी की माणसे विसरतात, आणि चहासोबतची बिस्किटे किंवा मुलाच्या ताटात उरलेले दोन घास खाण्यात धरतच नाहीत. ऑकलंड येथे 40 प्रौढांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ आठवणीच्या आधारे पुरुषांनी आपल्या आहारातील उष्मांक सुमारे 17 टक्क्यांनी आणि स्त्रियांनी 13 टक्क्यांनी कमी सांगितले होते; अंगावरील कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे समोर ठेवून पुन्हा विचारल्यावर ही तूट अनुक्रमे 9 आणि 7 टक्क्यांवर आली. लाभ खरा आहे. पण दर 30 सेकंदांनी एक छायाचित्र घेणारा कॅमेरा 12 तास लावला तर 1440 छायाचित्रे जमतात, आणि दिवसाकाठी खाण्यात एक तास गेला असे धरले तर त्यांतील 120 कामाची असतात. उरलेल्या 1320 छायाचित्रांत घर, शेजारी, मुले, मोबाइलचा पडदा आणि औषधांच्या चिठ्ठ्या असतात. लोक कॅमेरा स्वीकारतील की नाही हे त्या 1320 छायाचित्रांचे आपण काय करतो यावर ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. आहारशास्त्राचे विद्यार्थी आणि क्षेत्रीय कार्यकर्ते यांनी पुढील तयारी त्याच दृष्टीने करावी.

उपकरण निवडताना चित्राच्या सुबकतेपेक्षा ते किती कमी टिपते हे पाहावे. अलाबामा विद्यापीठात विकसित झालेले चष्म्यावर बसणारे उपकरण खाण्याच्या हालचाली संवेदकाने ओळखते, त्यामुळे फक्त खातानाची छायाचित्रे ठेवणे शक्य होते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील गटाने उष्णतासंवेदकाच्या साहाय्याने, अन्न समोर आल्यावरच चित्रण सुरू होईल असा कॅमेरा तयार केला आहे. अशी सोय नसेल तर भिंगाचा रोख खाली ठेवावा, आवाजाचे ध्वनिमुद्रण पूर्ण बंद ठेवावे आणि भिंग झाकणारी सरकती पट्टी असलेलेच उपकरण घ्यावे. ते आधी स्वतः किमान दोन दिवस वापरून पाहावे, कारण टेबल-खुर्चीवर ठीक चालणारा कोन मांडी घालून जेवणाऱ्याचे ताट चुकवतो, साडीचा पदर भिंगावर येतो, आणि गळ्यातील दोरी चुलीपाशी वाकताना पुढे लोंबते, जे धोक्याचेही आहे.

संमती घेताना एकट्या सहभागी व्यक्तीची सही पुरेशी मानू नये. घरातील सर्वांना एकत्र बसवून नमुन्याची छायाचित्रे दाखवावीत, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी वेगळे बोलावे, कारण बहुतेक वेळा त्यांचेच हात, त्यांचे स्वयंपाकघर आणि त्यांचे सर्वांत शेवटी जेवणे या छायाचित्रांत येणार असते. सासऱ्यांनी होकार दिला म्हणून सुनेचा होकार गृहीत धरणे ही मला या कामातील सर्वांत गंभीर चूक वाटते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 18 वर्षांखालील सहभागींसाठी पालकांची संमती लागते, आणि त्याशिवाय 7 ते 12 वर्षांच्या मुलांचा तोंडी व त्यापुढील मुलांचा लेखी होकारही घ्यावा लागतो. नैतिकता समितीची मंजुरी हाती येईपर्यंत एकही कॅमेरा वाटू नये.

कॅमेरा कोठे काढायचा हे तोंडी सांगून भागत नाही. छापील चिठ्ठी द्यावी. स्नानगृह, शौचालय, कपडे बदलणे, बाळाला पाजणे, दवाखाना, बँक, शाळा, प्रार्थनास्थळ आणि परवानगी न मिळालेले कोणाचेही घर, एवढे तिच्यात असावेच. कोणी विचारले तर सांगण्यासाठी सोपे वाक्यही लिहून द्यावे: “मी काय खातो याची नोंद ठेवणारा हा कॅमेरा आहे, तुम्हाला नको असेल तर मी आत्ताच झाकतो.” हे वाक्य घरच्यांसमोर दोनदा म्हणवून घ्यावे, म्हणजे पंगतीत किंवा खानावळीत अवघडल्यासारखे होत नाही.

आता छायाचित्रे पाहण्याचा क्रम. आरोग्यविषयक संशोधनातील अशा कॅमेऱ्यांसाठी 2013 साली जी नैतिक चौकट मांडली गेली, तिच्यात सहभागी व्यक्तीला आपली छायाचित्रे आधी एकांतात पाहून हवी ती पुसता यावीत असे सुचवलेले आहे. हा नियम कोणत्याही घाईत मोडू नये. रोज संध्याकाळी अर्धा तास द्यावा, आपण खोलीबाहेर थांबावे, आणि काय पुसले व का पुसले हे विचारू नये. फक्त नोंदीत किती वेळाची पोकळी आहे तेवढे टिपावे. घरच्यांपासून लपवून खाल्लेले मटण, परवान्याविना घेतलेली दारू, महिनाअखेरीस नुसत्या मिठाबरोबर खाल्लेली भाकरी, यांतील काहीही त्या माणसाला दाखवायचे नसू शकते. पुसण्याची मुभा दिल्याने माहिती थोडी कमी होते हे खरे, पण ती नसेल तर माणूस कॅमेरा खुंटीला लावून जेवतो आणि मग काहीच हाती लागत नाही. पहिला दिवस सवयीचा धरून विश्लेषणातून वगळावा, कारण नव्या कॅमेऱ्यासमोर माणूस नेहमीसारखे जेवत नाही.

पुसून झाल्यावर उरलेल्या छायाचित्रांतून अन्नाची वेगळी काढून चेहरे धूसर करावेत, बाकीची त्याच आठवड्यात नष्ट करावीत, आणि ती व्हॉट्सअॅपवरून मार्गदर्शकांकडेही पाठवू नयेत. साठा सांकेतिक कुलुपात ठेवून तो कोण उघडू शकते याची यादी संमतिपत्रातच द्यावी. गुप्ततेच्या वचनाची मर्यादाही तेथेच सांगावी: बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक आहे, आणि हे सहभागी व्यक्तीला कॅमेरा हाती घेण्याआधी माहीत असले पाहिजे.

अभ्यास मध्येच सोडणाऱ्याकडे कारण मागू नये आणि ठरलेले मानधन कापू नये. कॅमेरा परत घेताना त्यातील कार्ड त्यांच्यासमोर रिकामे करून दाखवावे, साठ्यातील त्यांची छायाचित्रे कोणत्या तारखेला नष्ट होतील ते लिहून द्यावे, आणि ती तारीख आली की तसे झाल्याचे कळवावे.