वाघाचे आणि वाघाच्या मावशीचे फोटो: कसे काढावेत, कसे पाठवावेत

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने, एक वाघ टिपला. पट्टे जुळवून पाहिल्यावर कळलं की हा यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला, सुमारे ५०० किलोमीटर चालत आलेला. पुढे तो आपल्या बार्शी तालुक्यातही फिरला. तेव्हापासून सोलापुरातल्या घरगुती ग्रुपांवर एक नवीन मिसळण दिसते. वर मनीची पिल्लं, खाली वाघ आणि त्याखाली ‘आत्ताच आपल्या शिवारात दिसला’ म्हणून एक बिबट्या. हा शेवटचा फोटो बहुतेक वेळा आपल्या शिवारातला नसतो.

मांजराचे आणि वाघाचे फोटो एकमेकांना पाठवणं ही फार छान सवय आहे. पण फोटो हातातून सुटला की आपण त्याच्याबरोबर जात नाही. सोबत जातात त्या खाली लिहिलेल्या दोन ओळी आणि फाईलमध्ये बसलेली माहिती. म्हणून फोटो कसा काढायचा हे सांगतानाच तो कशासकट पाठवायचा, हेही इथे सांगतो.

पहिल्यांदा घरचं मांजर

सोलापूरच्या उन्हाशी आधी जमवून घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवर काढलेल्या फोटोत मांजराची पाठ पांढरीफटक पडते आणि तोंड काळोखात जातं. सकाळी आठच्या आत किंवा दिवस कलल्यावर काढा. घरात काढायचा तर खिडकी किंवा उघडं दार मांजराच्या समोर किंवा बाजूला असू द्या. ते पाठीमागे आलं की हाती फक्त काळी आकृती लागते. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये टॉवेलच्या गठ्ठ्यावर झोपलेला बोका दिसला, तर शेडचं दार पुरतं उघडा आणि मग कॅमेरा काढा. तेवढ्या उजेडात काम होतं.

फ्लॅश बंदच ठेवा. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. अंधारात त्याला त्याचा उपयोग होतो, पण फ्लॅशमध्ये त्याच थरामुळे डोळे हिरवे-पिवळे पेटल्यासारखे दिसतात. शिवाय मांजर दचकतं आणि पुढच्या वेळी मोबाईल दिसताच पलंगाखाली जातं.

मग खाली बसा, जमलं तर पालथे पडा. उभ्याने काढलेल्या फोटोत मांजराचं डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा, त्याआधी ती सुती कपड्याने पुसा, आणि स्क्रीनवर त्याच्या डोळ्यावर बोट टेकवा म्हणजे फोकस तिथे बसेल. हलत्या पिल्लासाठी बटण दाबून धरून सलग फोटो घ्या.

पार्श्वभूमीकडे लोकांचं लक्ष जात नाही, आणि आपल्याकडे तर ते जायलाच हवं, कारण घरात कुठे ना कुठे सोलापुरी चादर अंथरलेली असतेच. तिच्यावरची भरगच्च नक्षी सुंदर, पण ठिपक्या-पट्ट्यांचं मांजर तिच्यात हरवून जातं. अशा मांजराला साध्या भिंतीपुढे किंवा एकरंगी कपड्यावर घ्या. याउलट पांढरंशुभ्र मांजर लाल-निळ्या चादरीवर खुलतं. काळ्या मांजराला फिकट कापड लागतं. त्याचा फोटो राखाडी दिसत असेल तर फोकसच्या चौकोनाजवळचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा.

मांजर नको म्हणत असेल तर थांबा. कान मागे चपटे झाले, शेपटी जमिनीवर आपटू लागली, बुबुळं उगाच मोठी झाली, म्हणजे त्याने सांगितलं. टोपी घालून, काकडी मागे ठेवून घाबरवून, अंगावर पाणी उडवून काढलेले फोटो आणि व्हिडिओ मी कधीच पुढे पाठवत नाही, तुम्हीही पाठवू नका. याउलट मांजर तुमच्याकडे बघत सावकाश डोळे मिटून उघडत असेल तर ते निवांत आहे. त्या क्षणाचा फोटो ठरवून केलेल्या कुठल्याही फोटोहून सरस येतो.

वाघ, बिबट्या आणि सिंह

आपल्यापैकी बहुतेकांना मोठी मांजरं जवळून दिसतात ती पुण्यात कात्रजला, राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात. तिथे जाळी असेल तर सावलीत असलेला जाळीचा भाग निवडा. कठड्यापाशी उभे राहा, तो ओलांडू नका, आणि झूम करा. प्राणी जाळीपासून लांब असताना काढलं की जाळी धूसर होऊन जवळजवळ नाहीशी होते. काच असेल तर लेन्स काचेला चिकटवा म्हणजे प्रतिबिंब पडत नाही. काचेवर टकटक करू नका.

ताडोबा, पेंच, मेळघाटला जाणार असाल तर मोबाईलचे नियम आरक्षण करतानाच विचारून घ्या, कारण व्याघ्र प्रकल्पांत सफारीला मोबाईल नेण्यावर बंदी असते आणि मग साध्या कॅमेऱ्याची सोय करावी लागते. कॅमेरा हलू नये म्हणून एक घरगुती उपाय आहे. कापडी पिशवीत किलो-दीड किलो ज्वारी भरून तोंड शिवून टाका. जिप्सीच्या दांडीवर ती ठेवली आणि तिच्यावर लेन्स टेकवली की हात थरथरला तरी फोटो थरथरत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा हा उपयोग जंगलातल्या गाईडनाही आवडतो. शटरचा वेग १/५०० सेकंदाहून जलद ठेवा.

पूर्ण अंग येऊ द्या. नुसता चेहरा जवळून घेण्याचा मोह होतो, पण वाघाची ओळख त्याच्या कुशीवर असते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि त्याच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीचेही वेगळे. बिबट्याच्या ठिपक्यांचंही तसंच. वाघांच्या गणनेत कॅमेरा ट्रॅपचे फोटो असेच पट्ट्यांवरून ताडून पाहतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला त्यामागे हेच काम होतं, आणि बार्शीकडे आलेला वाघ टिपेश्वरचा हे कळलं तेही यामुळेच. तुमच्या फोटोत दोन्ही कुशी असतील तर तो नुसता सुंदर न राहता उपयोगी होतो.

गाडी पुढे घ्यायला ड्रायव्हरला गळ घालू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पिल्लं पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकली. त्याचे व्हिडिओ पसरले, वनखात्याने चालक आणि गाईडवर कारवाई केली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाड्यांनी वाट अडवलेल्या वाघिणीचा फोटो तुमच्या हाती आलाच, तर तो कौतुकाने ग्रुपवर न टाकता वनखात्याला पाठवा.

दोघांना शेजारी ठेवून बघा

मला सगळ्यात आवडणारा प्रकार हा आहे, आणि मुलांना सुट्टीत करायला द्यावा असा. घरच्या मांजराच्या रोजच्या हालचाली टिपून ठेवा: पुढचे पाय ताणून आळस देणं, गाल दाराच्या चौकटीला घासणं, जिभेने अंग चाटणं, पोट जमिनीला लावून दबकत जाणं, वास घेऊन वरचा ओठ उचलणं. मग वाघाच्या किंवा बिबट्याच्या फोटोंत त्याच हालचाली शोधा. गाल घासणं ही दोघांचीही हद्द सांगण्याची रीत. ओठ उचलणं म्हणजे टाळूतल्या वासाच्या इंद्रियापर्यंत गंध पोचवणं. जिभेवरचे मागे वळलेले काटे दोघांनाही असतात.

फरकही तितकेच बघण्यासारखे आहेत. भर उजेडात मनीची बुबुळं उभ्या रेघेसारखी होतात, वाघ-बिबट्याची मात्र गोलच राहतात. दोघांचे डोळे शेजारी लावून बघा, मुलं हा फरक पुन्हा विसरत नाहीत. बिबट्याच्या अंगावर फुलासारखी वर्तुळं असतात; चित्त्याला भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ असते. हे सांगायचं कारण, सोलापूर जिल्ह्यातल्या बिबट्याच्या फोटोखाली ‘चित्ता’ असं सर्रास लिहिलं जातं. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले. उसात बसलेला तो बिबट्याच.

अशा जोडचित्रात जंगलातला फोटो दुसऱ्या कुणी काढलेला असेल तर विचारून घ्या आणि नाव लिहा. बटण दाबणाऱ्याचा त्या फोटोवर हक्क असतो. कोपऱ्यातलं नाव कापून फोटो पाठवणं ही चोरीच.

ठिकाणाचं काय करायचं

मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश बसतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘लोकेशन टॅग’ बंद करा. आयफोनला प्रायव्हसीमधल्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये कॅमेऱ्यापुढे ‘नेव्हर’ निवडा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर फाईल लहान होते आणि ही माहिती गळते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ दर्जासकट सगळं जातं. दर्जा हवा आणि पत्ता नको असेल तर एचडीचा पर्याय वापरा.

घरच्या मांजराच्या फोटोत घराचा नंबर, गाडीची पाटी, शेजारच्यांची मुलं येत असतील तर कापून टाका. इथे एवढंच पुरे.

रानातल्या प्राण्याबाबत मात्र कडक राहा. वाघिणीने कुठे ओढ्याकाठी पिल्लं ठेवली, बिबट्या शेताच्या कुठल्या गटात बसतो, हे फोटोखाली लिहिलं की संध्याकाळी तिथे मोटारसायकली लागतात. गर्दीने जनावर बिथरतं, माणसं जखमी होतात, आणि शिकाऱ्यालाही आयता पत्ता मिळतो. म्हणून जिल्हा किंवा अभयारण्याचं नाव लिहा, गाव-गट-ओढा लिहू नका, आणि फोटो काही दिवस थांबून टाका. जनावर वस्तीजवळ असून माणसांना धोका असेल तर ग्रुपऐवजी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच, नेमक्या जागेसकट सांगा. तिथे काहीही लपवू नका.

ऊसतोडीच्या दिवसांत याची खरी कसोटी लागते. फडात पिल्लं सापडतात. ती बिबट्याची, रानमांजराची किंवा वाघाटीची असू शकतात. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पांढऱ्या रेघा. रानमांजराचे पाय लांब, अंग मातकट, कानाच्या टोकाला काळे केस आणि शेपटीच्या शेवटाला काळी वळी. पिल्लं मांडीवर घेऊन फोटो काढू नका आणि घरी तर मुळीच नेऊ नका. लांबून एक फोटो, तेवढी जागा सोडून तोड थांबवा आणि १९२६ ला फोन करा. आई बहुतेक वेळा जवळच असते आणि अंधार पडल्यावर पिल्लं उचलून नेते. वाघ-बिबट्याची आणि वाघाटीची पिल्लं पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि असा मांडीवरचा फोटो पसरला की तोच पुरावा ठरतो.

आलेला फोटो पुढे पाठवण्याआधी

डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसांचे जीव घेतले आणि शेवटी वांगी परिसरात त्याला गोळ्या घालाव्या लागल्या. अशा दिवसांत रात्री शेताला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या जिवावर खरी-खोटी बातमी अवलंबून असते. खोट्या फोटोने एक वस्ती उगाच घाबरते, आणि तीनदा खोटं निघालं की चौथ्या खऱ्या इशाऱ्याकडे कुणी बघत नाही.

म्हणून फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा. जुना असेल तर बहुधा सापडतो. मागची झाडं, विजेचे खांब, पाट्यांवरची लिपी, गाड्यांचे नंबर आपल्याकडचे आहेत का? आता संगणकाने बनवलेले बिबटेही फिरतात. त्यांत ठिपके एकमेकांत वितळल्यासारखे दिसतात, सावली भलत्या बाजूला पडते, पंजे नीट जमलेले नसतात. पाठवणाऱ्याला ‘कुणी, कधी, कुठे काढला’ असं सरळ विचारा. उत्तर ‘फॉरवर्ड आलाय’ असं आलं तर फोटो तिथेच थांबवा.

मांजर हरवलं तर

दिवाळीत किंवा सिद्धेश्वर यात्रेच्या शोभेच्या दारूकामात मांजरं बिथरून पळतात. म्हणून आधीच तीन फोटो काढून ठेवा: समोरून चेहरा, बाजूने शेपटीसकट पूर्ण अंग, आणि ओळखीची खूण. मजकूर छोटा ठेवा: ‘पांढरी-काळी-तांबडी भाटी, वय ३ वर्षं, शेपटीचं टोक वाकडं, सोमवारी रात्रीपासून नाही, सिद्धेश्वर पेठ.’ तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटी म्हणजे मादीच असते, तेव्हा कुणी ‘तिरंगी बोका सापडला’ म्हटलं तर फोटो मागवा. एक खूण मुद्दाम सांगू नका, म्हणजे फोन करणाऱ्याला ती विचारून खात्री करता येईल. शोध आपल्या आळीपासून, माळवदं आणि बंद खोल्यांपासून सुरू करा. घरात राहणारं मांजर सहसा लांब जात नाही.

मांजर सापडलं की त्याच सगळ्या ग्रुपांवर ‘सापडली’ असं लिहून जुना संदेश पुसा, नाहीतर तो वर्षभर फिरत राहतो. रानातल्या प्राण्याच्या चुकीच्या फोटोलाही हेच लागू. जिथे टाकला तिथेच, त्याच फोटोला उत्तर देऊन दुरुस्ती लिहा: फोटो कुठला आहे, कधीचा आहे, आणि आपल्या तालुक्यातला नाही.