टीबी-303 वर मालकंस कसा बसवायचा

हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मुंबईच्या चरणजित सिंगांनी 1982 साली रोलँड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित केले: ठेक्याला ड्रम मशीन टीआर-808, खालच्या (बेस) सुरावटीला टीबी-303 आणि रागाला कीबोर्डचा सिंथेसायझर ज्युपिटर-8. 303 च्या किंचाळत्या सुरांवर उभं राहिलेलं शिकागोचं नृत्यसंगीत, ॲसिड हाउस, त्यानंतरचं. त्या दहांतला मालकंस नवशिक्याला सगळ्यात सोयीचा, कारण त्यात सूर पाचच. यंत्रं नसतील तर त्यांची सॉफ्टवेअर रूपंही चालतील.

सा म्हणजे सी धरा. मग कोमल ग ई-फ्लॅट, म एफ, कोमल ध ए-फ्लॅट, कोमल नि बी-फ्लॅट. रिषभ आणि पंचम वर्ज्य, म्हणजे वाजवायचेच नाहीत.

आधी 808. टेम्पो 120. एका आवर्तनाच्या सोळा चौकटींपैकी (स्टेप) 1, 5, 9, 13 वर बेस ड्रम, 5 आणि 13 वर क्लॅप, 3, 7, 11, 15 वर ओपन हाय-हॅट. क्लोज्ड हॅट वाजला की ओपन हॅटचा आवाज तिथेच तुटतो, म्हणून तो लगेच पुढच्या चौकटीत देऊ नका.

आता 303 वर हे भरा (रेघ म्हणजे विराम, खाली टिंब म्हणजे मंद्र, खालच्या सप्तकातला सूर):

सा सा – सा | ध़ – नि़ सा | म – ग म | ग – सा –

ॲक्सेंट (सुरावरचा जोर) फक्त पहिल्या सा वर आणि नवव्या चौकटीतल्या म वर. म वादी, म्हणजे रागाचा मुख्य सूर आहे, तो उठून दिसलाच पाहिजे. ॲक्सेंट लागोपाठ दिले आणि रेझोनन्स (फिल्टरची धार) चढा असला, तर आवाजाचा तीक्ष्णपणा ठरवणारा फिल्टर दर वेळी आणखी वर जातो आणि सूर किंचाळू लागतो. स्लाइड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं, ग–म–ग ला द्या. काही सॉफ्टवेअरमध्ये स्लाइडची खूण आधीच्या सुरावर करायची असते, काहींत पुढच्या. दोनच सूर भरून आधी तपासा, नाहीतर भलताच सूर घसरेल.

ही स्लाइड म्हणजे मींड (रागातली सुरांची सलग, संथ ओढ) नव्हे. तिचा वेळ ठरलेला आणि अगदी थोडा असतो. नि–ध–म ची लांब मींड ज्युपिटरवर पोर्टामेंटो (सूर घसरण्याचा वेळ) वाढवून, हातानेच वाजवा. रागाची चाल चौकटींत कोंबली की ती सरगमचा पाठ वाटते.

तानपुऱ्यासाठी सा आणि म धरून ठेवा, फिल्टर बराच बंद ठेवून. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सी मायनर कॉर्ड दाबणं. त्यात जी येतो, म्हणजे पंचम, आणि मालकंस तिथेच संपतो. ऑटो-कॉर्ड (आपोआप कॉर्ड वाजवणारी सोय) बंदच ठेवा. कीबोर्डचा कोमल ग समस्वरित असतो, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेला, म्हणून रागातल्या ग शी तंतोतंत जुळत नाही. तो तानपुऱ्यावर फार वेळ धरला की आवाजात लाटा ऐकू येतात. त्याला स्पर्श करून म वर या.

सुरुवातीला 303 चा कटऑफ (फिल्टर किती उघडा ते ठरवणारं बटण) जवळजवळ बंद ठेवा. आलाप मध्य सप्तकात असेतोवर तो तसाच राहू द्या आणि सूर तार षड्जाकडे सरकू लागला की आठ-आठ आवर्तनांत थोडा थोडा उघडा.