कोकणात रोज चालवायची फोर बाय फोर घ्यायचीय? आधी गाडीखाली झोपा

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना जाणारी गाडी. 'थार घेऊ का जिमनी' असा मेसेज मला टाकायच्या आधी हे वाचा, आणि एजंटकडे जायच्या आधी वाचा, टोकन दिल्यावर नको. रंग, सनरूफ, टचस्क्रीन यावर मी काही लिहीत नाही, ते तुमचं आधीच ठरलेलं असतं. मागच्या वेळी मी पण सगळं बघितलं होतं, इंजिनाचा आवाज, क्लच, टायर, कागद, फक्त खाली वाकून बघितलं नाही. त्याचं पुढे येतंच, आणि परत परत येणारे, कंटाळा आला तरी वाचा.

पहिलं म्हणजे गाडी नाही, वाट बघा. आपल्याकडे ऑफरोड म्हणजे लडाख नव्हे. कलमांच्या बागेत उतरणारी पाणंद, सड्यावरून चिरेखाणीपर्यंत गेलेली चाकोरी, पावसातला लाल चिखल आणि शेवाळ धरलेला जांभा, ज्याच्यावर माणूस पण जपून पाय टाकतो. ही वाट मे महिन्यात बघून गाडी ठरवू नका, मेमध्ये तिथनं रिक्षा पण जाते. जुलैत बघा, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी असताना. आणि जुलैत बघून पण वाटलं की चढ काही फार नाही, नुसता खडबडीत रस्ता आहे, तर खरं सांगतो, चांगल्या टायरची साधी बोलेरो पुरते, फोर बाय फोरचे पैसे घराच्या पत्र्याला वापरा. बाकी दिवस ती गाडी बाजार, शाळा, दवाखाना आणि अधूनमधून मुंबई किंवा कोल्हापूर एवढंच करणार आहे, हे डोक्यात राहू द्या.

मग फोर बाय फोर म्हणजे नक्की काय मिळतंय ते बघा. थारचं 2023 पासून नुसती मागची चाकं ओढणारं मॉडेल पण येतं, बाहेरून दोन्ही सारख्याच रुबाबात उभ्या असतात, आणि जाहिरातीत लिहिणारा नुसतं 'थार, कडक कंडिशन' लिहितो. तीन दरवाजांची थार असो नाहीतर जिमनी, गियरच्या शेजारी दुसरी छोटी दांडी आहे का ते स्वतः बघा, आणि नुसती बघू नका, फोर एल (चारही चाकं आणि सगळ्यात हळू, जोरदार गियर, यालाच लो रेंज म्हणतात) टाकून गाडी दहा पावलं चालवून बघा, कारण वर्षानुवर्षं कोणी हलवलीच नसेल तर ती दांडी जाम झालेली असते. लो रेंज लागते ती चढायला कमी आणि उतरायला जास्त, ओल्या जांभ्यावर आंब्याच्या पेट्या भरून उतरताना ब्रेक दाबला की चाकं धरतात आणि गाडी घसरत जाते, तिथे फोर एलमध्ये पहिला टाकून पाय काढून घ्यायचा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. जुनी डस्टर एडब्ल्यूडी किंवा ग्रँड विटारा ऑलग्रिप, या पण चारही चाकं ओढणाऱ्याच, पण यांना ही लो रेंज नसते, चिखलातून काढतात छान, रोज चालवायला तर फारच छान, पण तुमची वाट खडी असेल तर विचार करा. आणि एक, थार, जिमनी, गुरखा यांची फोर एच (चारही चाकं, पण नेहमीच्या वेगाचे गियर) सुक्या डांबरी रस्त्यावर टाकायची नसते. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, चिखलात तो फरक चाक थोडं घसरून भागवून घेतं, डांबरावर घसरायला जागा नसते मग ताण सगळा गियरांवर. पाऊस आहे म्हणून फोर एच टाकून थेट पनवेल गाठणारे लोक मी बघितलेत.

आता खालचं. गाडीखाली झोपा. उकिडवं बसून मोबाईलचा टॉर्च मारणं म्हणजे बघणं नाही. एक पुठ्ठा किंवा जुनी चादर, चांगली बॅटरी आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन जा आणि कपडे खराब झाले तर होऊ द्या. त्याहून चांगलं म्हणजे गाडी रॅम्पवर चढवायला सांगा. विकणारा म्हणाला 'कशाला शेठ, गाडी एकदम ए-वन आहे, आपल्या घरातली समजा', की चहा प्या आणि निघा. खरंच निघा. ज्याला खालून दाखवायची नाही त्याच्याकडे वरून बघण्यासारखं काही नसतं.

कारण असं आहे की थार, जिमनी, गुरखा, बोलेरो या सगळ्या चॅसीवाल्या गाड्या, म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि त्याच्यावर बॉडी बसवलेली, आणि चॅसीचे ते लांब रूळ आतून पोकळ असतात. खारी हवा, लाल चिखल, जेटीवरचं पाणी त्यांच्या भोकांतून आत जातं, पाणी जायची खालची भोकं चिखलाने बुजतात, आणि मग ओल आतच राहून गंज आतून बाहेर येतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, पुढून मागे, दोन्ही बाजू, न लाजता. चांगलं लोखंड टणटण वाजतं, खाल्लेलं भदभद वाजतं, फरक पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पण कळतो. मागच्या चाकांच्या वरचा भाग, शॉकअपच्या आणि स्प्रिंगच्या बैठका, बॉडी चॅसीवर जिथे बसते ते रबरांचे पाय, डिझेल टाकीचे पट्टे, ब्रेकच्या बारीक नळ्या, हे सगळं हात लावून बघा. नळीवर पापुद्रे धरलेत तर ती कधी तरी घाटातच फुटणार. डस्टरसारख्या बिनचॅसीच्या गाडीला दरवाजाखालचा उंबरा आणि जॅक लावायची जागा दाबून बघा.

आणि खाली सगळं काळं कुळकुळीत, नवं कोटिंग मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका. मी तेच बघून (वरूनच, चाकामागून डोकावून) खूश झालो होतो. गंजावर मारलेलं रबर कोटिंग म्हणजे ओल आत कोंडून वरून झाकण लावलेलं. पहिल्या पावसानंतर वेल्डिंगवाल्याने मागच्या आडव्या पट्टीवर हातोडी टेकवली, मारली पण नाही, नुसती टेकवली, आणि काळ्या रबराच्या पिशवीतून तांबडा भुगा त्याच्या चपलेवर पडला. तो म्हणाला, 'दादा, ह्यो पत्रा नाय, पापड हाय.' वेल्डिंगचा खर्च ऐकल्यावर ज्या गाडीला मी दोन दिवस नावं ठेवली होती ती घाटावरची जरा महाग गाडी आठवली. तर, गाडीखाली झोपा.

घाटावरून आठवलं. जुनी घेणार असाल तर कोल्हापूर, सातारा, पुणे बाजूची बघा, तिथे मिठाचा मार नसतो. पण नुसता एमएच 09 किंवा एमएच 12 नंबर बघून निर्धास्त होऊ नका, पुण्याच्या नंबरची गाडी दर शनिवारी-रविवारी दापोलीला कोणाच्या तरी बंगल्याच्या अंगणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असू शकते. गाडी कुठे पार्क व्हायची ते विचारा, कुठे पासिंग झालंय ते नाही. आणि पुराची भीती दोन्हीकडे आहे, चिपळूणला 22 जुलै 2021 ला पाणी शिरलं, सांगली-कोल्हापूरला 2019 ला, तेव्हाच्या धुऊनपुसून फिरणाऱ्या गाड्या अजून हातोहात विकल्या जातात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते का बघा, पायाखालचं मॅटिंग उचलून वास घ्या, सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का बघा. सीटखालचे बोल्ट उगाच गंजत नाहीत.

रुंदी. टेप घेऊन जा आणि आधी स्वतःच्या वाडीत मोजा. दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, मध्ये एक वाट, त्यात कोणीतरी मोटरसायकल टेकवलेली. जिमनी 1645 मिमी रुंद, तीन दरवाजांची थार 1820, पाच दरवाजांची थार रॉक्स 1870, गुरखा पण जवळपास तेवढीच, आणि हे आरसे सोडून. कागदावर वीतभर फरक, पण ती वीत नसली की रोज आरसे मिटून, कोणाला तरी पुढे उभं करून गाडी आत घ्यायची, आणि हे महिनाभर गंमत वाटते, मग घरचे म्हणायला लागतात की जुनी अल्टोच बरी होती. अरुंद वाटेत वळण पण बघा, मोठी गाडी एका दमात वळत नाही, पुढे-मागे करावी लागते आणि मागे गडगा असतो. अंगणाचं बेडं किंवा गेट किती, तेही मोजा.

आणि जे बसणार आहेत त्यांना घेऊन जा. आईला, आजीला. तीन दरवाजांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट पाडून वाकून आत शिरायचं, नऊवारीत हे करून बघायला सांगा म्हणजे शोरूममध्येच निकाल लागेल. जिमनीला पाच दरवाजे आहेत पण मागे सीट उभ्या ठेवल्या तर सामानाला जागा नावापुरती, गणपतीला मुंबईहून येताना कळतं.

डिझेल की पेट्रोल. 2020 नंतरच्या बीएस6 डिझेलला सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो स्वतःला जाळून साफ करतो पण त्यासाठी इंजिन चांगलं तापून गाडी एका वेगात काही वेळ पळावी लागते. तुमचं रोजचं धावणं बाजारापर्यंत तीन किलोमीटर जाऊन परत एवढंच असेल तर तो भरत जातो आणि दिवा लागतो. मग आठवड्यातून एकदा हायवेला मोकळी पळवून आणा, हातखंबा म्हणा, कणकवली म्हणा, जे जवळ असेल ते. ते जमणार नसेल तर पेट्रोल घ्या आणि ॲव्हरेजबद्दल रडू नका. जिमनी तशीही पेट्रोलमध्येच येते.

टायर. कंपनीचे आहेत ते झिजेपर्यंत वापरा, मग एटी (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारे) घाला. एमटी (खास चिखलाचे, मोठ्या गुठळ्यांचे) नको, फोटोत छान दिसतात, ओल्या काँक्रीटच्या हायवेवर ब्रेक लावताना कळतं की नको होते, आणि आवाजाने डोकं उठतं. फुटलेल्या जांभ्याची धार टायरची बाजू कापते, तिथे पंक्चर निघत नाही, म्हणून स्टेपनी त्याच साइजची आणि खरी चांगली हवी. पुढे लोखंडी बुलबार लावू नका, 2017 च्या डिसेंबरपासून बंदी आहे. मोठे टायर, छतावर दिवे, यांनी पासिंग आणि क्लेम दोन्हीकडे वांधे होतात.

किनाऱ्यावर गाडी घालायची नाही. विषय संपला. वाळूत रुतते, भरती कोणासाठी थांबत नाही, पोलीस गुन्हा दाखल करतात, वेळास-आंजर्ले बाजूला वाळूत कासवांची अंडी असतात, आणि एवढं करून गाडी निघालीच तर जी खारी वाळू चॅसीच्या आत गेली ती तिथेच राहते. म्हणजे परत तेच. जुनी फोर बाय फोर घेताना मालकाच्या फोनमध्ये, स्टेटसमध्ये किनाऱ्यावरचे गाडीचे फोटो आहेत का बघा, लोक हौसेने दाखवतात, तुम्ही कौतुक करा आणि मग गाडीखाली झोपा.

नवी घेतलीत तरी सुटका नाही. पहिल्या पावसाच्या आधी चॅसीच्या पोकळीत आतून मेण मारून घ्या, नुसतं बाहेरून रबर कोटिंग नको, आणि मारताना पाणी जायची भोकं बुजवू देऊ नका, स्वतः उभे रहा तिथे. जंगलजेटीने (गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीने) जात असाल, दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले, जयगड-तवसाळ, कुठलीही, तर ओहोटीला उताराच्या तळाशी चाकं खाऱ्या पाण्यातून जातात, घरी आलं की खालून गोड्या पाण्याचा पाइप मारा. गोड्या म्हणतोय. समुद्राजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी मारून काय उपयोग, मीठ धुवायला मीठ. पाऊस निदान खालून थोडं धुतो तरी, डिसेंबर ते मे तुम्हालाच धुवायचंय.

बाकी भराभर. सर्व्हिस सेंटर किती लांब ते बघा, चिपळूण-रत्नागिरीत जे मिळतं ते आडगावात मिळत नाही. विम्यात इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्या, पाण्यात बंद पडली तर साध्या पॉलिसीत इंजिनाचं मिळत नाही, आणि बंद पडली की परत स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. ओढायचा हुक पुढे-मागे आहे ना, पट्टा गाडीत ठेवा, हवेचा छोटा पंप ठेवा. टेस्ट ड्राइव्ह शहरात नको, जवळचा घाट चढा-उतरा, कुंभार्ली, आंबा, फोंडा, जो असेल तो, एसी लावून, चार माणसं बसवून. जुनी असेल तर कर्जाचा बोजा उतरलाय का आरसीवर बघा, चलनं भरलीत का बघा, दोन्ही चाव्या मागा. फास्टॅग, पीयूसी, नारळ, लिंबू तुम्हाला माहितीये.